अर्ज कोणाचा, शिक्का कोणाचा?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून प्रश्न विचारला होता, ‘आपला भाग वेगळा झाला, तर आपल्या कापसाचे आणि ज्वारीचे निर्णय आपल्या हातात येतील का?’ काही जण हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही, कारण नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे म्हणजे फसवणूक झाली असती. आज आम्ही उत्तराऐवजी एका देशाची हकिगत घेऊन आलो आहोत. त्या देशाच्या घटनेतच लिहून ठेवले आहे की एखाद्या प्रांताला स्वायत्त प्रदेश व्हायचे असेल तर त्याने काय करावे. असा हक्क लिहून मिळाला म्हणजे तो हाती पडतो का, हे त्या हकिगतीतून पाहायचे आहे.

हा देश म्हणजे इराक. इराक म्हटले की तुम्हाला वाटेल, कुठे इराक आणि कुठे आपले रान. पण बसऱ्याचा मोती आपल्या म्हाताऱ्यांना ऐकून माहीत होता आणि बसऱ्याचा खजूर आपल्या बाजारात येत होता. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी बसरा घेतला, तो पुणे डिव्हिजन नावाच्या फौजेच्या जोरावर. तिच्यात मराठा पलटणी होत्या. हीच फौज पुढे कूतच्या वेढ्यात अडकली आणि १९१६ च्या एप्रिलात तिला शरण जावे लागले. इराक नावाचे राज्य उभे राहिले त्याच्या पायात आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांचीही हाडे आहेत.

तीन सुभ्यांची एक मोट

तुर्की सुलतानाच्या काळी तिथे मोसुल, बगदाद आणि बसरा असे तीन सुभे होते. मोसुलकडचा डोंगराळ भाग बहुतांशी कुर्दांचा. तिथे पावसावर गहू-जव पिकतात, म्हणजे आपल्यासारखीच कोरडवाहू शेती. बगदादच्या खाली टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या पाण्यावरची शेती, आणि अगदी दक्षिणेला खजुराच्या बागांचा बसरा. इंग्रजांनी या तिघांची मोट बांधली आणि १९२१ साली फैसल यांना राजा केले. त्याच वर्षी बसऱ्यातील काही प्रतिष्ठित मंडळींनी इंग्रज हायकमिशनरकडे अर्ज केला होता की आम्हाला बगदादपासून वेगळा कारभार द्या. तो अर्ज मान्य झाला नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण बसऱ्याचे अर्ज पुढेही असेच पडून राहिले.

पुढे राजा गेला, लष्करशहा आले, सद्दाम हुसेन आले. सगळा कारभार बगदादहून. तेल निघाले ते मुख्यतः दक्षिणेत आणि किर्कुकच्या बाजूला, पण पैसा गेला बगदादच्या तिजोरीत. २००३ साली अमेरिकेने स्वारी करून सद्दाम यांची राजवट पाडली आणि १५ ऑक्टोबर २००५ ला नव्या घटनेवर जनतेचे मतदान झाले. त्या घटनेने इराक हे संघराज्य ठरवले.

कागद काय म्हणतो?

आता कागद नीट वाचू. कागद न वाचता अंगठा देण्याची किंमत आपल्या बापजाद्यांनी भरपूर मोजली आहे.

घटनेच्या ११७ व्या कलमाने कुर्दिस्तानला स्वायत्त प्रदेश म्हणून मान्यता दिली. तो आधीपासून, १९९१ नंतर, स्वतःचा कारभार चालवतच होता. बाकीच्या प्रांतांसाठी ११९ वे कलम आहे. एका प्रांताला एकट्याने किंवा अनेक प्रांतांना मिळून प्रदेश होता येते. मागणीचे दोन रस्ते आहेत. प्रत्येक प्रांताच्या प्रांतिक मंडळातल्या एक तृतीयांश सभासदांनी मागणी करावी, किंवा प्रत्येक प्रांतातल्या एक दशांश मतदारांनी मागणी करावी. मग त्या प्रांतांत सार्वमत घ्यायचे आणि बहुमताने निकाल लावायचा. केंद्राच्या संसदेची परवानगी लागत नाही.

प्रदेश झाल्यावर काय मिळते? स्वतःची घटना, स्वतःचे विधिमंडळ, स्वतःचे पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा दल. ११५ वे कलम सांगते की जे विषय फक्त केंद्राचे म्हणून लिहिलेले नाहीत ते प्रदेशांचे आणि प्रांतांचे. जे विषय सामाईक आहेत, त्यांत भांडण झाले तर प्रदेशाचा कायदा वरचढ. शिवाय १२१ व्या कलमात देशाच्या उत्पन्नातला न्याय्य वाटा मिळेल असे लिहिले आहे. आपल्याकडे उलटे आहे. जे कुठल्याच यादीत नाही ते दिल्लीचे, आणि सामाईक यादीत भांडण झाले तर बहुधा दिल्लीचाच कायदा चालतो.

कागदापुरते पाहिले तर इराकी प्रांताच्या हातात आपल्या राज्यापेक्षा मोठे हत्यार आहे.

वाटणी झाली, फेरफार अडला

तुम्ही सगळे सातबाऱ्याचे धनी आहात. चार भावांची वाटणी झाली, पंचांसमोर कागद झाला, बांध पडले. पण तलाठ्याने फेरफार घेतला नाही आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केला नाही, तर त्या वाटणीवर सोसायटी कर्ज देते का? नाही देत. रान तुमचे, नांगर तुमचा, पण नाव अजून थोरल्याचेच. इराकच्या प्रांतांचे नेमके हेच झाले.

११९ वे कलम चालवायचे कसे, याचा कायदा संसदेने २००६ च्या ऑक्टोबरात केला. काही पक्षांनी त्या मतदानावर बहिष्कार टाकला. कायदा अंमलात आणण्यासाठी अठरा महिने थांबायचे ठरले, म्हणून तो २००८ साली लागू झाला. त्यात एक साधे वाक्य आहे. मागणीचा अर्ज मंत्रिमंडळाकडे द्यायचा, आणि मंत्रिमंडळाने पंधरा दिवसांत निवडणूक आयोगाला सार्वमताची तयारी करायला सांगायचे. पंधरा दिवस म्हटले की आपल्याला फेरफाराची नोटीस आठवते. पण मंत्रिमंडळाने पंधरा दिवसांत सांगितले नाही तर काय? अर्ज आपोआप पुढे जाईल असे त्या कायद्यात कुठे नाही. पुढच्या साऱ्या हकिगतीची गोम या एका उणिवेत आहे.

बसऱ्याच्या सह्या

पहिला प्रयत्न बसऱ्याने केला. इराकला समुद्राचे तोंड बसऱ्यातच आहे, देशाचे बहुतेक तेल तिथूनच बाहेर जाते, आणि सरकारी तिजोरीचा सुमारे नव्वद टक्के पैसा तेलाचा. तरी बसऱ्याच्या गल्ल्यांत गटारे तुंबलेली, वीज नाही, नळाला खारे पाणी. वाइल अब्दुल लतीफ हे पूर्वी न्यायाधीश होते, बसऱ्याचे गव्हर्नर होते आणि नंतर खासदार झाले. २००८ च्या नोव्हेंबरात त्यांनी पुढाकार घेतला. आधी दोन टक्के मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा आणि मग आयोगाने सुमारे महिनाभर केंद्रे उघडून दहा टक्के मतदारांच्या सह्या घ्यायच्या, अशी रीत होती. दोन टक्के जमले. दहा टक्के म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार सह्या. महिना संपला, पण सह्या भरल्या नाहीत.

का भरल्या नाहीत? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण सह्यांच्या मोहिमा आपणही केल्या आहेत. मतदाराने स्वतः केंद्रावर जाऊन सही करायची होती. त्याच वेळी ३१ जानेवारी २००९ च्या प्रांतिक निवडणुकांचा धुरळा उडालेला, मोठे पक्ष आपापल्या उमेदवारांमागे. आणि खुद्द दक्षिणेत एकमत नव्हते. एका मोठ्या पक्षाने २००५ पासून नऊ प्रांतांचा मिळून एक प्रदेश मागितला होता. दुसरे म्हणत होते, दक्षिणेचे तीन प्रांत पुरेत. तिसरे म्हणत होते, बसरा एकटाच बरा. नऊ, तीन की एक यातच वेळ गेला. वाटणी मागणाऱ्या भावांना आपला बांध कुठे घालायचा हेच ठरवता आले नाही, तर थोरल्याला काही करावेच लागत नाही.

सासू आणि सून

दुसरी हकिगत सलाहुद्दीन प्रांताची, म्हणजे तिक्रितकडची. २००५ साली घटनेवर मतदान झाले तेव्हा या प्रांताने आणि शेजारच्या अन्बारने दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी ‘नको’ म्हटले होते. संघराज्य म्हणजे देशाचे तुकडे, असे तिथल्या सुन्नी लोकांना वाटत होते. संघराज्य हवे होते ते कुर्दांना आणि काही मोठ्या शिया पक्षांना.

सहा वर्षे गेली. बगदादमध्ये नूरी अल-मालिकी यांचे सरकार होते, शिया पक्षांच्या पाठबळावर. २०११ च्या ऑक्टोबरात जुन्या बाथ पक्षाचे म्हणून शेकडो लोकांना अटक झाली आणि तिक्रितच्या विद्यापीठातून शंभरावर माणसे काढून टाकली गेली. त्याच महिन्यात सलाहुद्दीनच्या प्रांतिक मंडळाने ठराव केला की आम्हाला स्वायत्त प्रदेश व्हायचे आहे. डिसेंबरात दियाला प्रांताच्या मंडळानेही तेच केले. एक तृतीयांश सभासदांची अट पुरी झाली होती. ज्यांनी ‘नको’ म्हटले होते तेच आता ११९ व्या कलमाच्या दाराशी उभे होते.

आणि सरकारने काय केले? पंतप्रधान म्हणाले, असला प्रदेश म्हणजे बाथवाल्यांना आसरा. मंत्रिमंडळाने अर्ज आयोगाकडे पाठवलाच नाही. सार्वमत झाले नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही आपली म्हण आहे. जो बाहेर असतो त्याला वाटणी हवी असते. तोच आत जाऊन किल्ल्या कमरेला खोचतो, तेव्हा त्याला एकत्र कुटुंबाचे प्रेम येते. हा एका पंथाचा किंवा एका पक्षाचा दोष नाही. किल्ल्यांचा गुण आहे.

बगदादची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. २००६ आणि २००७ साली त्या देशात पंथापंथांत भयंकर रक्तपात झाला. अशा वेळी पंथांच्या रेषेवर प्रदेश पाडले तर देश फुटेल, ही भीती खोटी नव्हती. तेलाचे प्रांत वेगळे झाले तर बिनतेलाच्या प्रांतांनी काय खायचे, हा प्रश्नही खरा होता. आणि दियालात शिया, सुन्नी, कुर्द असे सगळेच राहतात. तिथे मंडळाचा ठराव होताच विरोधाचे मोर्चे निघाले. प्रांतातल्या मोठ्या गटाने स्वायत्तता घेतली, तर प्रांतातल्या लहान गटाचा बगदाद कोण? वेगळे होणाऱ्याने याचे उत्तर आधी द्यायला हवे.

पण हे सगळे प्रश्न सार्वमताच्या प्रचारात लोकांसमोर मांडता आले असते. अर्ज टेबलाच्या खणात ठेवून ते सुटले नाहीत. अडीच वर्षांनी, २०१४ च्या जूनमध्ये, आयसिसच्या टोळ्यांनी मोसुल आणि तिक्रित घेतले. अर्ज अडवला म्हणूनच हे झाले असे आम्ही म्हणत नाही, त्याला कारणे पुष्कळ होती. पण कायद्याच्या वाटेने आलेल्या माणसाला परत पाठवले की वाटेवरचा लोकांचा विश्वास उडतो, एवढे नक्की.

नळाला मीठ

बसऱ्याकडे पुन्हा एकदा जाऊ. दोन्ही नद्या मिळून शत्त-अल-अरब होते आणि बसऱ्याजवळून समुद्राला जाते. वरच्या देशांत धरणे झाली, वरच्या प्रांतांत उपसा वाढला, नदीतले गोडे पाणी घटले आणि समुद्राचे खारे पाणी उलटे वर चढू लागले. त्यात शहरांचे सांडपाणी. खजुराच्या बागा वाळल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात पाण्यामुळे लाखाहून अधिक लोक आजारी पडून दवाखान्यांत गेले. मोर्चे निघाले, गोळीबार झाला, सरकारी इमारती जळल्या. २०१९ साली बसऱ्याच्या प्रांतिक मंडळाने पुन्हा प्रदेशाची मागणी केली. सार्वमत याही वेळी झाले नाही. त्याच वर्षाच्या शेवटी, देशभर आंदोलन पेटल्यावर, संसदेने प्रांतिक मंडळांचेच काम थांबवले. त्यांच्या निवडणुका पुन्हा झाल्या त्या २०२३ च्या डिसेंबरात. म्हणजे मधली चार वर्षे अर्जाच्या दोन रस्त्यांपैकी एक रस्ता बंदच होता.

पण इथे आमचे एक सांगणे आहे. समजा बसरा प्रदेश झाला असता, तर नळाचे मीठ गेले असते का? देशाबाहेरून येणाऱ्या नद्यांचे पाणी हा विषय घटनेने केंद्राकडे ठेवला आहे. देशातल्या पाण्याची वाटणी सामाईक आहे. म्हणजे गटारे आणि नळ बसऱ्याला सुधारता आले असते, पण वरून पाणी सोडवून घ्यायला बगदादकडेच जावे लागले असते. वेगळा सातबारा झाला तरी नाला थोरल्याच्या रानातूनच येतो. म्हणून प्रदेश मागताना कोणता विषय कुणाकडे राहणार, ते एकेक करून विचारावे लागते.

गोफ सैल, गाठ घट्ट

आता ज्याला प्रदेश मिळाला त्याचे पाहू. कुर्दिस्तानला स्वतःचे सरकार आहे, स्वतःची फौज आहे. देशाच्या अंदाजपत्रकात त्याचा वाटा १७ टक्के धरला जात असे. कुर्दांनी स्वतःच्या करारांनी तेल काढायला आणि विकायला सुरुवात केली. बगदाद म्हणाले, तेल साऱ्या देशाचे आहे. २०१४ साली बगदादने वाट्याचे पैसे थांबवले. नोकरदारांचे पगार महिनोन्‌महिने रखडले. २०१७ च्या सप्टेंबरात कुर्दांनी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतले, नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटले, आणि तीन आठवड्यांत बगदादच्या फौजेने किर्कुक ताब्यात घेतले. २०१८ च्या अंदाजपत्रकात १७ टक्क्यांचे १२.६७ टक्के झाले. २०२२ साली केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने कुर्दिस्तानचा तेलाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. २०२३ च्या मार्चात तुर्कस्तानमार्गे जाणारी तेलाची वाहिनी बंद पडली, ती २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाली.

आणि तिथल्या शेतकऱ्याचे काय? त्याचा गहू सरकारी कोठारात जातो, आणि त्या खरेदीचे पैसे बगदादच्या व्यापार मंत्रालयाकडून यायचे असतात. दोन सरकारांचे भांडण लागले की गहू घालून बसलेल्या शेतकऱ्याचे चुकारे थकतात. चुकारे थकणे म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

भांडणाचे मूळ घटनेतच आहे. तेल साऱ्या जनतेचे, असे एका कलमात लिहिले. दुसऱ्यात लिहिले की चालू विहिरींचा कारभार केंद्राने प्रांतांबरोबर मिळून करावा आणि उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावे. नव्या विहिरींचे काय, ते स्पष्ट नाही. बाकीचे पुढे कायदा करून ठरवू म्हणाले, आणि वीस वर्षे त्या तेल-कायद्यावर एकमत झाले नाही. घटनेत प्रांतांचे आणि प्रदेशांचे एक वरचे सभागृह सांगितले आहे. तेही उभे राहिले नाही. म्हणजे केंद्रात प्रांतांची बाजू मांडायला स्वतंत्र जागाच नाही. हिशेब पुढे बघू म्हणून केलेली वाटणी कोर्टात जाते, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल.

आपल्या बांधावर

आता आपल्या तरुण कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमात नवे राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवतात, पण ते बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक नाकारले, तरी संसदेने ते मंजूर केले आणि २ जून २०१४ ला तेलंगणा झाले. उलट १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. दोन्ही वेळा निर्णय दिल्लीचा. एक दशांश मतदारांनी सही करून सार्वमत मागावे, अशी वाटच आपल्याकडे नाही.

त्याऐवजी मिळाली ती ३७१ (२) कलमाखालची विकास मंडळे. ती १९९४ साली आली आणि २०२० च्या एप्रिलात त्यांची मुदत संपली. दुसऱ्याने दिलेली आणि मुदतीवर चालणारी गोष्ट कशी संपते, हे यात दिसते.

आणि आणखी एक आठवण. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे आपला कापूस राज्याच्या सरहद्दीपलीकडे नेणे गुन्हा होता. आपल्या ज्वारीवर लेव्ही होती. ती दिल्लीने एकटीने बसवली नव्हती. आपलीच भाषा बोलणाऱ्या, आपल्याच मतांवर निवडून गेलेल्या मंडळींचा त्यात हात होता. राजधानी जवळ आली म्हणून शेतकऱ्याच्या गाडीपुढचा बांबू आपोआप उचलला जात नाही.

म्हणून आमचे उत्तर असे. वेगळे व्हावे की नाही, हे तुम्ही गावागावांत ठरवा. पण कोणीही पुढारी स्वायत्ततेचा कागद घेऊन आला, तर त्याला पाच प्रश्न विचारा. मागणी कोण करू शकतो, पुढारी की मतदार? अर्ज कोणाच्या टेबलावरून जातो, आणि त्याने मुदतीत काही केले नाही तर तो आपोआप पुढे सरकतो का? पाणी, बाजार, वीज आणि कर यांतले काय नेमके आपल्याकडे येते? पैशाचा वाटा आकड्यात लिहिला आहे की ‘न्याय्य’ या शब्दात? आणि नव्या घरात जो लहान आहे, त्याला काय हमी?

बसऱ्याच्या माणसाकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते. उरलेल्या चारांचे नव्हते. म्हणून त्याचा अर्ज खणात राहिला आणि नळाला मीठ राहिले.

हे पाच प्रश्न पारावर मांडा. पुढच्या बैठकीला येताना ज्याने त्याने आपल्या गावाची उत्तरे लिहून आणावीत. ठराव त्यानंतर करू.